शिक्षक-प्रशिक्षकांचा प्रारंभिक अनुभव आणि अध्यापनाची परिणामकारकता

भावी शिक्षकांना शिकवणाऱ्या अध्यापकाला शिक्षक-प्रशिक्षक म्हणतात. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात बहुधा दोनदा होते : आधी शाळेतील शिक्षक म्हणून आणि पुढे अध्यापक महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात रुजू झाल्यावर. या दोन्ही टप्प्यांतील पहिल्या काही वर्षांचा ठसा त्याच्या अध्यापनावर दीर्घकाळ राहतो. मात्र केवळ वर्षे मोजून त्याच्या परिणामकारकतेचा अंदाज बांधता येत नाही.

अध्यापनाविषयीच्या धारणांचे मूळ याहूनही मागे, विद्यार्थिदशेत असते. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडल्याप्रमाणे, शिक्षक होणारी व्यक्ती लहानपणापासून हजारो तास शिक्षकांना पाहत आलेली असते; तिला त्यांची कृती दिसते, पण त्या कृतीमागचा विचार दिसत नाही. हे प्रशिक्षकालाही लागू पडते. प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवण्याचे स्वतंत्र शिक्षण त्याला क्वचितच मिळालेले असल्याने, सुरुवातीला तो आपल्या प्राध्यापकांचीच पद्धत उचलतो आणि गटकार्याचे महत्त्वसुद्धा व्याख्यानातूनच सांगतो.

शालेय अनुभवामुळे प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन येते, त्याच्याजवळ उदाहरणांचा साठा असतो आणि छात्राध्यापकाच्या, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या भावी शिक्षकाच्या, सराव पाठात नेमके कोठे अडते हे त्याला चटकन दिसते. तथापि कुशल शिक्षकाचे बरेचसे ज्ञान सवयीत मुरलेले असते. प्रश्न विचारल्यावर किती थांबावे, वर्गाचे लक्ष विचलित होऊ लागल्याचे कशावरून ओळखावे, हे तो सहज करतो. पण छात्राध्यापकाला ते उलगडून सांगण्याची वेळ आली की अडखळतो. मग पाठ निरीक्षणानंतरचा अभिप्राय ‘फलकलेखन सुधारा’ अशा सूचनांपुरता उरतो. इंग्लंडमधील जीन मरे आणि ट्रेव्हर मेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळेतून आलेल्या २८ प्रशिक्षकांपैकी बहुतेकांना नव्या भूमिकेत स्थिरावण्यास दोन ते तीन वर्षे लागल्याचे आढळले. शाळेत विषय शिकवणे आणि शिकवण्याविषयी शिकवणे ही निरनिराळ्या पातळ्यांवरची कामे आहेत, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय.

म्हणूनच या संक्रमणकाळात काय घडते, याला अनुभवाच्या लांबीपेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे. आपण वर्गात आत्ता अमुक निर्णय का घेतला, दुसरा कोणता पर्याय होता, हे प्रशिक्षक छात्राध्यापकांसमोर उघडपणे बोलू लागला की त्याचे अध्यापन हेच त्यांच्या अभ्यासाचे साहित्य बनते. जॉन लॉफ्रन, फ्रेड कोर्टहागेन आदी संशोधकांनी अशा सहेतुक आदर्श-अध्यापनावर भर दिला आहे. ही सवय एकट्याने लागणे कठीण असते. अनुभवी सहकाऱ्यासोबत एकाच वर्गात शिकवणे, एकमेकांच्या अभिप्रायांची चर्चा करणे आणि स्वतःच्या अध्यापनाचा पद्धतशीर अभ्यास करणे यांचा येथे उपयोग होतो. याउलट, रुजू होताच पूर्ण कार्यभार आणि संशोधनाची सक्ती वाट्याला आल्यास नवा प्रशिक्षक तयार टिपणांचा आधार घेतो, आणि तात्पुरता म्हणून घेतलेला हा आधार पुढे कायमचा होऊन बसतो.

या परिणामाचे मोजमाप अवघड आहे, कारण प्रशिक्षकाचा प्रभाव शाळेतील मुलांपर्यंत छात्राध्यापकाच्या मार्फत पोहोचतो आणि त्या वाटेवर शाळेचे वातावरण, मार्गदर्शक शिक्षक व अभ्यासक्रम यांचीही भर पडते. त्यामुळे या क्षेत्रातील पुष्कळसे संशोधन मुलाखती, निरीक्षणे आणि आत्मपरीक्षणात्मक नोंदी यांवर आधारलेले आहे.