लॉटरी लागलेले सत्तर टक्के लोक खरेच कंगाल होतात का?

‘लॉटरी लागलेल्यांपैकी ७० टक्के लोक काही वर्षांतच कंगाल होतात, कारण लोभाचा पैसा सुख देत नाही,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. आयत्या पैशाविषयी आपल्या मनात मुळातच शंका असल्याने तो चटकन पटतोही. मात्र ही टक्केवारी कोणी, कोणत्या साली आणि किती जणांना विचारून काढली, हे शोधू लागले की हाती काहीच लागत नाही. ज्या संस्थेच्या नावावर ती सांगितली जाते, तिनेच ती आपली नसल्याचा खुलासा केलेला आहे.

सोबत अनेकदा १९७८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला असतो. त्यात विजेते अवघे २२ होते. ० ते ५ च्या मोजपट्टीवर त्यांचे सुख सरासरी ४.०० आणि त्याच भागातील इतरांचे ३.८२ भरले, म्हणजे ते अधिक दुःखी नव्हतेच. रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद तेवढा कमी आढळला, आणि फिरत्या मजकुरात नेमके तेच उरले. पुढे स्वीडनमध्ये तीन हजारांहून अधिक विजेत्यांची पाहणी झाली, तेव्हा मोठी रक्कम मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेले दिसले, मानसिक आरोग्यातील फरक मात्र किरकोळ होता.

अर्थात हे सारे तिकीट लागलेल्यांविषयी झाले. तिकिटे घेत राहणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे, कारण बक्षिसांची एकूण रक्कम विक्रीपेक्षा कमी राहील अशीच योजनेची आखणी असते.