यूपीएस व युनिक्सवर्गीय सर्व्हर यांची जोडणी

वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या यूपीएसने (अखंड वीजपुरवठा करणाऱ्या उपकरणाने) आपली स्थिती संगणकाला कळवावी आणि लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलॅरिस यांसारख्या युनिक्सवर्गीय प्रणालीने बॅटरी संपण्याआधी रीतसर बंद व्हावे, यासाठी केलेली तारेची व सॉफ्टवेअरची जोडणी. सर्व्हरची वीजतार यूपीएसच्या सॉकेटमध्ये घातली की हे काम निम्मेच होते. उरलेले निम्मे संदेशाचे असते आणि प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. संदेशाची तार नसलेला यूपीएस सर्व्हर बंद पडण्याचा क्षण काही मिनिटे पुढे ढकलतो, इतकेच. त्यानंतर डेटाबेसमध्ये लेखन चालू असतानाच यंत्र बंद पडले, तर नुकसान यूपीएस नसताना झाले असते तेवढेच होते.

उगम : अखंड वीजपुरवठ्याची कल्पना सामान्यतः जॉन जे. हॅन्ली यांना १९३४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटपर्यंत मागे नेली जाते. युनिक्सने वीज जाण्याची दखल केव्हापासून घेतली, याविषयी मात्र एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ पीडीपी-११ या संगणकात आहे. युनिक्स ज्या यंत्रांवर वाढली त्यांपैकी हे एक प्रमुख यंत्र. वीज खचू लागताच त्याचा प्रक्रियक चालू काम थांबवून अष्टमान पद्धतीतील २४ या ठरावीक पत्त्यावरील सूचनेकडे वळत असे. चुंबकीय गाभ्याची स्मृती वीज गेल्यावरही टिकत असल्याने, पुरवठा परत आल्यावर काम पुढे नेणे शक्य होते. दुसरे मत युनिक्सच्या सिस्टिम ५ या शाखेकडे बोट दाखवते. तिथे ‘सिगपॉवर’ हा स्वतंत्र संकेत आणि ‘इनिटटॅब’ या फायलीत वीज गेल्यावर चालवायच्या आज्ञांची सोय होती. तिसरे मत १९९० च्या दशकातील लिनक्स वापरकर्त्यांना श्रेय देते. मिकेल व्हॅन स्मूरेनबर्ग यांचा ‘पॉवरडी’ हा सीरियल पोर्टवर (संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या तारजोडावर) लक्ष ठेवणारा छोटा कार्यक्रम आणि हार्वे स्टाइन यांनी संकलित केलेली यूपीएसविषयक मार्गदर्शिका त्याच काळातील होत.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पीडीपी-११ मधील सोय सेकंदाच्या अंशापुरती व प्रक्रियकाच्या पातळीवरची होती. बॅटरी किती उरली आहे असा प्रश्नच तिथे नव्हता. बाहेरून संकेत यावा आणि पुढे काय करायचे ते पहिल्या प्रक्रियेने, म्हणजे ‘इनिट’ने ठरवावे, ही विभागणी सिस्टिम ५ मध्ये स्पष्ट दिसते. तिचा अवशेष आजही आहे : आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘इनिट’चे काम करणाऱ्या सिस्टिमडीला सिगपॉवर संकेत मिळाला की ती त्याच नावाचे एक लक्ष्य-युनिट, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांचा संच, सुरू करते.

संदेशाचे प्रकार : आरंभीच्या जोडणीत ‘संदेश’ म्हणजे सीरियल पोर्टच्या नियंत्रण-पिनांवरील व्होल्टताबदल. एक पिन ‘वीज गेली’ सांगे, दुसरी ‘बॅटरी संपत आली’, आणि संगणकाने तिसरी पिन बदलली की यूपीएस बंद होई. कोणती पिन कशासाठी, हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाप्रमाणे ठरवी. म्हणून बाजारातील साधी सीरियल तार लावताच काही यूपीएस जागीच बंद पडत. जुने यंत्र जोडताना ही खबरदारी आजही आवश्यक आहे.

पुढे आकडे पाठवणाऱ्या भाषा आल्या. कमी किमतीच्या यूपीएसमध्ये मेगाटेक पद्धतीची ‘क्यू१’ ही भाषा मोठ्या प्रमाणावर आढळते. २४०० बॉड (सीरियल तारेवरील संदेशवेगाचे एकक) वेगाने प्रश्न पाठवला की उत्तरात आगत व निर्गत व्होल्टता, भाराची टक्केवारी, वारंवारता, बॅटरीची व्होल्टता, तापमान आणि आठ स्थितिदर्शक अंक येतात. बॅटरी किती टक्के भरलेली आहे, हे मात्र त्यात नसते. सॉफ्टवेअर ते व्होल्टतेवरून अनुमानाने काढते. शिसे-आम्ल बॅटरीची व्होल्टता भार पडताच एकदम खाली येते आणि नंतर बराच काळ जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे हे अनुमान ढोबळ असते. अशा यूपीएसवर टक्केवारीपेक्षा ‘वीज जाऊन किती वेळ झाला’ या निकषावर सर्व्हर बंद करणे अधिक सुरक्षित होय. यूएसबी मार्गासाठी १९९७ मध्ये ऊर्जा-उपकरणांचे प्रमाणित संकेतकोष्टक प्रसिद्ध झाले. ते पाळणारा यूपीएस उरलेली टक्केवारी व मिनिटे स्वतः सांगू शकतो. नेटवर्कवरून चौकशीसाठी १९९४ ची आरएफसी १६२८ ही प्रमाणिका आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवज).

सॉफ्टवेअर : दोन मुक्त प्रकल्प प्रमुख आहेत. ‘एपीसीयूपीएसडी’ हा एपीसी कंपनीच्या यूपीएसपुरता असून आंद्रे हेड्रिक यांच्या कामातून आकाराला आला. अनेक उत्पादकांच्या यंत्रांसाठी रसेल क्रोल यांनी साधारणतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेला ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ अर्थात एनयूटी वापरतात. एनयूटीचे तीन थर आहेत : यूपीएसशी बोलणारा ड्रायव्हर, ती माहिती नेटवर्कवर ३४९३ या क्रमांकाच्या पोर्टवर उपलब्ध करून देणारा ‘यूपीएसडी’ आणि निर्णय घेणारा ‘यूपीएसमॉन’. यंत्रांमधील संभाषणाचे नियम २०२२ मध्ये आरएफसी ९२७१ म्हणून नोंदले गेले. एका यूपीएसवर अनेक सर्व्हर असतील तर तार जोडलेला सर्व्हर प्राथमिक व इतर दुय्यम मानले जातात. दुय्यम आधी बंद होतात, प्राथमिक शेवटी. नेटवर्क स्विच त्याच यूपीएसवर नसेल तर वीज जाताच संदेशाचा मार्गच तुटतो, ही वारंवार दिसणारी उणीव आहे. जोडणी पहिल्यांदा फसते तेव्हा कारण बहुधा परवानगीचे असते : ड्रायव्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला यूएसबी उपकरण उघडता येत नाही.

अखेरची पायरी : प्रणाली बंद होत असताना, फाइलप्रणाली केवळ वाचनीय झाल्यावर, प्राथमिक सर्व्हरने यूपीएसला आपला पुरवठा तोडण्याची आज्ञा द्यावी लागते. हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. सर्व्हर बंद होण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि तेवढ्यात वीज परत आली, असे समजा. बंद होणे मध्येच थांबवता येत नाही. पण यूपीएसचा पुरवठा क्षणभरही तुटला नसल्याने सर्व्हरला वीज ‘आली’ हे कळत नाही. तो कोणी बटण दाबेपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून यूपीएसने ठरावीक विलंबाने पुरवठा तोडून पुन्हा द्यावा आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ‘वीज आल्यावर चालू व्हावे’ हा पर्याय निवडलेला असावा. विलंब सर्व्हर पूर्ण बंद होण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा. आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरला हा वेळ बराच लागतो.

नाशिक परिसर : एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्र शहरालगत असले तरी त्याची वीज राज्याच्या जाळ्यात जाते. शहरातील खंड बहुतांशी स्थानिक फीडरवरील (उपकेंद्रातून वस्तीकडे वीज नेणाऱ्या वाहिनीवरील) बिघाडाचे असतात. वळवाच्या पावसात फांद्या तारांवर पडणे हे नेहमीचे कारण. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते. तासन्‌तास वीज नसल्याने दुकाने, दवाखाने व छोट्या कार्यालयांनी मोठ्या बॅटऱ्यांचे इन्व्हर्टर घेतले. या इन्व्हर्टरांना बहुधा संदेशाचा पोर्ट नसतो. बॅकअप तासांचा झाल्याने तार जोडण्याची गरज वाटेनाशी झाली, असे मानण्यास जागा आहे. अशा ठिकाणी इन्व्हर्टरच्या पुढे पोर्ट असलेला छोटा यूपीएस लावण्याची पद्धत उपयुक्त आहे. मात्र इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा. अन्यथा यूपीएस ती वीज सदोष मानून बॅटरीवरच राहतो आणि सर्व्हर विनाकारण बंद होतो. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत जनरेटर असलेल्या कारखान्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे यूपीएसला जनरेटर स्थिर होईपर्यंतचा काळ भरून काढायचा असतो, म्हणून वीज जाताच सर्व्हर बंद करण्याऐवजी काही मिनिटांचा विलंब ठेवतात.

एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतील यूपीएसच्या बॅटऱ्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. सॉफ्टवेअरने दाखवलेल्या मिनिटांवर म्हणूनच पूर्ण भिस्त ठेवू नये आणि प्रत्यक्ष चाचणी पावसाळ्यापूर्वी घ्यावी. महावितरण पावसाळापूर्व देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवण्याची पूर्वसूचना देते. तो वेळ चाचणीस सोयीचा असतो. एरवी चाचणी घेताना भिंतीतील प्लग उपसू नये, कारण त्याबरोबर अर्थिंगही तुटते. भिंतीवरील बटण बंद करावे.