पानफुटी

(हिं. जख्म-ए-हयात, सं. पर्णबीज, बं. पाथरकुची, लॅ. कॅलँकोई पिनॅटा, ब्रायोफायलम पिनॅटम, कुल – क्रॅसुलेसी). सु. १ मी. उंचीची, बहुवर्षायू, मांसल ओषधी. पानांच्या दातेरी कडांच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. हिवाळ्यात लोंबती, नळीसारखी फुले येतात.

मूलस्थान बहुतेक मादागास्कर. जुन्या वनस्पतिग्रंथांनुसार लेडी क्लाइव्ह (मद्रासच्या गव्हर्नरांच्या पत्नी) यांनी ती १७९९ च्या सुमारास इंडोनेशियातील मोलकाझ बेटांहून कलकत्त्याच्या उद्यानात आणविली. त्यावरून काही जुन्या लेखकांनी मोलकाझ हेच मूलस्थान मानले. पण जवळच्या जाती मादागास्करात एकवटलेल्या असल्याने ते पटण्याजोगे नाही. प्रजातीबाबतही मतभेद आहेत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सॉल्झबरी यांनी १८०५ मध्ये ब्रायोफायलम ही वेगळी प्रजाती मानली. हल्ली तिचा समावेश कॅलँकोईतच करण्याकडे कल असून तोच अधिक सयुक्तिक वाटतो.

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात पानफुटीला महत्त्व आले ते भारतात. दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी तिची पाने चाखून पाहिली : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. हे कळविणारे त्यांचे पत्र लंडनच्या लिनीअन सोसायटीने १८१५ मध्ये छापले. पानांतील अम्लाच्या या दैनिक चढउताराच्या शोधाचे श्रेय सहसा हाइने यांना देतात. तथापि निवडुंग रात्री कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो, हे स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १८०४ मध्येच नोंदविले होते. पानफुटी पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, तेव्हा घेतलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांत (द्रवाने भरलेल्या पोकळ्यांत) साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून तोच प्रकाशसंश्लेषणासाठी वापरते. उन्हात रंध्रे बंद राहिल्याने बाष्पोच्छ्वास (पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाणे) फार कमी होतो. हेच क्रॅसुलेसीय अम्ल चयापचय.

लागवडीत दुर्लक्षापेक्षा अतिकाळजीच तिला नडते. तळाला भोक असलेली भाजलेल्या मातीची कुंडी घेऊन पोयट्यात निम्म्यापर्यंत जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळतात. माती आतपर्यंत सुकल्यावरच भरपूर पाणी देतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात त्याहून कमी. पाने पातळ पडून सुरकुतणे ही तहानेची खूण. पिवळी, पाणथळ होऊन गळणे ही मूळकुजीची. कोकणच्या पावसात कुंडी पागोळ्यांपासून आडोशाला ठेवावी लागते. रोप घेताना पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण नाहीत ना हे पाहावे. खरे तर विकत घेण्याची गरज नाही. शेजाऱ्याकडचे एक पान पुरते.

मुतखड्यावर ती लोकोपचारात वापरतात. पाषाणभेद नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक वनस्पतींपैकी ही एक असून, बहुतेक अभ्यासक त्या नावाने हिमालयातील बर्जीनिया घेतात. पानफुटीत, विशेषतः फुलोऱ्यात, हृदयावर परिणाम करणारी ब्यूफाडायएनोलाइडे ही विषारी द्रव्ये असतात. त्यामुळे ती खाऊन गुरांना विषबाधा होते.