भिंत 0.3 मिलिमीटरची

हवेचा भार चौरस मीटरला सुमारे 10 टन. नळीतली हवा काढून घेतली की हा सगळा भार बाहेरून तिच्या भिंतीवर येतो, त्यामुळे निर्वात नळी करायला सांगितली तर कुणीही फॅब्रिकेटर जाडजूड पत्राच निवडेल. जर्मनीत डार्मश्टाटला उभ्या राहत असलेल्या 'फेअर' प्रकल्पात मात्र ही सोय नाही. (भारत या प्रकल्पाच्या संस्थापक भागीदारांपैकी एक आहे, आपल्याकडची बरीचशी सूत्रं कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटकडे आहेत.) तिथल्या एसआयएस-100 या सुमारे 1,100 मीटर घेराच्या कणत्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात), आयनांना म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या अणूंना वळवणाऱ्या चुंबकांमधून जी नळी जाते तिची भिंत अवघी 0.3 मिलिमीटर जाड आहे.

आयनांचा वेग वाढत जातो, तशी त्यांना त्याच वाटेवर धरून ठेवायला चुंबकाची ताकदही वाढवावी लागते. इथे ती सेकंदाला 4 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) या दराने चढते. अर्ध्या सेकंदाच्या आत 1.9 टेस्ला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला की त्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह, फिरू लागतात. इंडक्शन शेगडीवरचं भांडं तापतं ते यांच्यामुळेच. नळीत ते दोन उपद्रव करतात: ती तापवतात, आणि स्वतःचं वेगळं चुंबकीय क्षेत्र उभं करून मूळ क्षेत्राचा आकार बिघडवतात. भिंत जितकी जाड, तितके हे प्रवाह जास्त.

थोडी तापली नळी, तर बिघडलं कुठे? इथे बरंच बिघडतं, कारण ही नळी स्वतःच पंपाचं काम करते. चुंबक अतिवाहक आहेत, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या तारांचे, द्रव हीलियमच्या थंडाव्यात चालणारे. नळीची भिंतही 15 केल्विनच्या (उणे 258 अंश सेल्सिअसच्या) किंवा त्याखाली राहिली, तर उरलेसुरले वायूचे रेणू, अगदी हट्टी हायड्रोजनसुद्धा, तिला चिकटून बसतात. आणि ते बसायलाच हवेत. फेअरला युरेनियमचे 28 इलेक्ट्रॉन काढलेले आयन फिरवायचे आहेत. प्रभार कमी असला की आयन एकमेकांना कमी ढकलतात आणि एका वेळी जास्त संख्येने मावतात. पण अशा आयनाकडे गमावण्यासारखे 64 इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. वायूच्या रेणूला धडकून त्यातला एक जरी गेला, तरी आयनाची वाट बदलते आणि तो भिंतीवर आदळतो. त्या धक्क्याने भिंतीतून आणखी वायू सुटतो, त्याला आणखी आयन धडकतात. हे चक्र एकदा सुरू झालं की झोत बघता बघता विरळ होतो.

म्हणून भिंत पातळ हवी. आता पातळ भिंतीचं दुखणं पाहा. बाहेरून दाब आला की अशी नळी फुटत नाही, पिचकते. आणि पिचकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर ठरतो. जाडी निम्मी केली की ताकद एक अष्टमांश. स्टीलची 10 सेंटीमीटर व्यासाची लांबलचक गोल नळी 0.3 मिलिमीटर पत्र्याची केली, तर सूत्रानुसार ती हवेच्या दाबाच्या सुमारे एक अष्टमांशालाच दबते. एसआयएस-100ची नळी तर गोलही नाही, आडवी लंबवर्तुळाकार आहे. तिच्या वरच्या-खालच्या चपट्या बाजूंना कमानीचा आधार जवळपास नसतोच.

यातली गंमत अशी, की यंत्र चालू असताना या नळीवर दाब नसतोच, कारण तिच्या बाहेरही थंडावा टिकवण्यासाठी निर्वातच ठेवलेला असतो. पण कधीतरी बाहेरचा निर्वात गेला आणि आतला शाबूत राहिला, तर पूर्ण वातावरण एकदम अंगावर येणार. त्या एका प्रसंगासाठी सगळी मजबुती.

ती येते बाहेरून आडव्या बसवलेल्या फासळ्यांमुळे. त्या आडव्याच का, हा मला या रचनेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. एडी करंट नळीच्या एका कडेने लांबवर जातात आणि दुसऱ्या कडेने परत येतात. आडव्या फासळीला त्या दिशेने लांबीच नाही, त्यामुळे ती आधार देते पण या प्रवाहाला वाट करून देत नाही. हीलियम वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या मात्र लांबीनेच जाणाऱ्या, म्हणून त्या फासळ्यांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवाव्या लागतात.

धातू स्टेनलेस स्टीलच का, तर तांबं-ॲल्युमिनियमचा विद्युतरोध थंडीत धाडकन उतरतो आणि एडी करंट वाढतात, स्टीलचा फारसा उतरत नाही. वेल्डिंगच्या सांध्यावर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तिथे स्टील किंचित चुंबकीय होऊ शकतं.

चीनमध्ये हुइझोऊच्या 'हायाफ' त्वरकात क्षेत्र सेकंदाला 12 टेस्लापर्यंत चढवायचं ठरलं. क्षेत्र चढण्याचा दर तिप्पट, म्हणजे एडी करंटची उष्णता नऊपट. तिथल्या अभियंत्यांनी फासळ्या बाहेर लावण्याऐवजी 0.3 मिलिमीटरच्या पत्र्याला आतून झिर्कोनियाच्या सिरॅमिक कड्यांचा टेकू देण्याची रचना केली. सिरॅमिकमधून वीज वाहतच नाही.