नाव एकाचं, अंग दुसऱ्याचं

‘एम. बायसन म्हणजे माइक टायसन.’ ‘स्ट्रीट फायटर’ या व्हिडिओ गेममधलं एक पात्र बॉक्सर माइक टायसनवरून घेतलंय, असं सांगणारं हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते दिसलं की पुढचं वाचवत नाही. बरं, ते पूर्ण चूक असतं तर एका ओळीत खोडून मोकळा झालो असतो. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं खोडायला फार वेळ लागतो. म्हणून हा लेख.

फायटिंग गेममधलं एखादं पात्र ‘कुणावरून घेतलं’ हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात दोन प्रश्न दडलेले असतात. नाव कुठून आलं? आणि अंग कुठून आलं? अंग म्हणजे बांधा, कपडे, उभं राहण्याची ढब, लढायची तऱ्हा, सगळंच. कधी दोन्ही एकाच माणसाकडून येतात. बऱ्याचदा येत नाहीत. याद्या करणारी मंडळी मात्र दोन्ही एकाच रकान्यात कोंबतात आणि वर ‘प्रेरणा’ असा मथळा देतात. या विषयात मला तो शब्द सहन होत नाही. कशालाही लावता येतो आणि काहीच सांगत नाही. मी उसनवारी म्हणतो. उसनं म्हटलं की काय घेतलं आणि कुणाकडून घेतलं, हे विचारावंच लागतं.

ब्रूस ली तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे तो भरभर उरकतो. ‘वर्ल्ड हीरोज’चा किम ड्रॅगन (१९९२), ‘सुपर स्ट्रीट फायटर २’चा फेई लाँग (१९९३), ‘टेकन’चा मार्शल लॉ (१९९४), ‘डेड ऑर अलाइव्ह’चा जान ली (१९९६). सगळ्यांचं अंग एकाच घरचं. त्यातला फेई लाँग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तो कथेतही हाँगकाँगचा सिनेनट आहे, आणि नावातला ‘लाँग’ म्हणजे ड्रॅगन. ब्रूस लीचं पडद्यावरचं चिनी नाव होतं ‘छोटा ड्रॅगन’. नाव आणि अंग दोन्ही एकाच दारातून आली. इथे कुणाचा गोंधळ होत नाही, पुढे जाऊ.

आता बायसन.

१९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून गेम खेळायच्या अड्ड्यांत आला. शेवटच्या चार बॉसपैकी, म्हणजे शेवटी हरवायच्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांपैकी, एक अमेरिकन बॉक्सर होता. जपानी आवृत्तीत त्याचं नाव एम. बायसन, आणि एम म्हणजे माइक. यात लपवण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. टायसन त्याच्या आदल्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १९९० रोजी, टोकियोत बस्टर डग्लसच्या हातून जागतिक किताब गमावून बसला होता, पण त्याचा दरारा गेला नव्हता. नाव त्याचं, अंगही त्याचं. सरळ हिशेब.

गेम जपानबाहेर न्यायची वेळ आली तेव्हा मात्र कॅपकॉमला टायसनच्या वकिलांची नोटीस दिसू लागली. उपाय काय केला? बॉसची नावं गोल फिरवली. बॉक्सर झाला बालरॉग. स्पेनचा पंजेवाला, जो जपानात बालरॉग होता, तो झाला व्हेगा. आणि लाल गणवेशातला हुकूमशहा, जपानातला व्हेगा, त्याच्या गळ्यात पडलं एम. बायसन. अंगांना कुणी हात लावला नाही. तीन घरांच्या दारांवरच्या पाट्या बदलल्या, आत राहणारे तेच.

म्हणजे ‘एम. बायसन टायसनवरून घेतलाय’ हे वाक्य जपानी खेळाडूने म्हटलं तर दोन्ही अर्थांनी खरं. बाकी जगातल्या कुणी, टोपी घातलेल्या त्या हुकूमशहाकडे बोट दाखवून म्हटलं, तर खरं फक्त पाटीपुरतं. त्या हुकूमशहात टायसनचा केससुद्धा नाही. नावातला ‘एम’ तर पाटीबरोबर चुकून आलेलं सामान आहे. तो ‘माइक’चा एम, आणि हुकूमशहाचं नाव माइक कधीच नव्हतं. स्पर्धांमधल्या खेळाडूंनी यावर केव्हाच तोडगा काढलाय. ते नावं घेतच नाहीत. बॉक्सर, क्लॉ आणि डिक्टेटर म्हणतात. शहाणी माणसं.

मग हुकूमशहाचं अंग कुणाचं? हिरोशी आरामाता यांच्या ‘तेइतो मोनोगातारी’ या कादंबरीमालेत यासुनोरी कातो नावाचा एक मांत्रिक आहे. जपानच्या जुन्या शाही सैन्याचा गणवेश, लष्करी टोपी, खांद्यावर झूल, पुढे आलेली लांब हनुवटी, आणि टोकियो शहर उद्ध्वस्त करायचा ध्यास. १९८८ साली त्यावर चित्रपट निघाला, त्यात क्यूसाकू शिमादाने कातो उभा केला. त्या चित्रपटातलं कातोचं एखादं छायाचित्र आणि गेममधल्या पात्र निवडायच्या पडद्यावरचा हुकूमशहा शेजारी ठेवा. पुढे मला काही बोलावं लागणार नाही. ही उसनवारी हाडामांसाच्या माणसाकडून झालेलीच नाही, ती एका काल्पनिक पात्राकडून झाली आहे. म्हणजे एकाच पात्राच्या नावामागे खराखुरा बॉक्सर, आणि अंगामागे कादंबरीतला भूत-पिशाच्चवाला लष्करी अधिकारी. यादीत ‘प्रेरणा: माइक टायसन’ असं लिहिलं की यातला दुसरा आणि जास्त मजेदार भाग गायबच होतो.

जाता जाता, याच्या नेमकी उलट गोष्ट निन्टेन्डोने केली होती. त्यांच्या बॉक्सिंग गेममध्ये शेवटचा प्रतिस्पर्धी टायसनच होता, रीतसर परवानगी घेऊन, १९८७ साली, गेमच्या नावासकट. करार संपल्यावर १९९० च्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘मिस्टर ड्रीम’ आला. नाव आणि डोकं बदललं, धड तेच राहिलं. कॅपकॉमने नाव दुसऱ्या अंगाला दिलं, निन्टेन्डोने अंगाला दुसरं नाव दिलं. हे दोन किस्से शेजारी ठेवले की माझा मुद्दा निम्मा सांगून झाला.

उरलेला निम्मा ‘स्ट्रीट फायटर’मधल्याच सागातचा. इथे चूक जरा सभ्य असते, म्हणून जास्त टिकते. ‘सागात हा खऱ्या थाई बॉक्सरवर बेतलाय, गुगल करा’ असं सांगणारा माणूस स्वतःला माहीतगार समजत असतो. नाव खरंच सागात पेचयिंदी या थाई लढवय्यावरून आलंय, वाद नाही. पण हाच माणूस १९७८ साली विल्फ्रेदो गोमेझविरुद्ध सुपर बँटमवेटच्या जागतिक किताबासाठी रिंगमध्ये उतरला होता. त्या गटाची कमाल मर्यादा १२२ पौंड, म्हणजे साधारण ५५ किलो. गेममधला सागात २२६ सेंटिमीटर उंचीचा, एका डोळ्यावर पट्टी, छातीवर आडवा व्रण, दारातून आत यायला वाकावं लागेल असा. हे अंग त्या माणसाचं असणं शक्यच नाही. त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, हे वेगळं सांगायला नको.

हे अंग कागदावरून आलंय. कराटेचे क्योकुशिन घराणे स्थापन करणाऱ्या मासुतात्सु ओयामांच्या आयुष्यावर ‘कराटे बाका इचिदाई’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सत्तरच्या दशकात गाजली. तिच्यात रेइबा नावाचा मुए थाईचा, म्हणजे थायलंडच्या लाथाबुक्क्यांच्या लढतीचा, काळा सम्राट आहे. एकीकडे गी (कराटेचा पोशाख) घातलेला कराटेवाला, समोर मुए थाईचा अजिंक्य राक्षस, ही जोडी तिथे आधीच ठरलेली होती. ‘स्ट्रीट फायटर’चा नायक रियू आणि सागात यांच्या वैराचा सांगाडा तुम्हाला तिथे सापडेल. आणि रियू म्हणजे ओयामा, असं जे ठोकून दिलं जातं, तेही याच कारणाने अर्धवट आहे. ओयामांची सावली रियूवर आहेच, पण मांगातून गाळून आलेली. नाव तर ओयामांच्या जवळपासही जात नाही. पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’चा (१९८७) दिग्दर्शक ताकाशी निशियामा. त्याच्या नावातल्या ‘ताकाशी’च्या कांजीचा (जपानीतल्या चिनी अक्षराचा) दुसरा उच्चार ‘रियू’. म्हणजे इतक्या मोठ्या नायकाचं नाव बनवणाऱ्याने स्वतःच्या सहीतून काढलंय.

माझी कसोटी साधी आहे. नाव झाका. नुसती काळी आकृती, ढब आणि दोन-तीन मूव्ह एवढंच बघून जो आठवतो, तो अंगाचा मालक. नाव उघडल्यावर जो आठवतो, तो नावाचा. दोघे वेगळे निघाले तर दोघांनाही लिहा. आळस केलात तर ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ होतो.

या कसोटीला पुरून उरणारं एक पात्र मात्र आहे, आणि ते माझं आवडतं: ‘टेकन’चा किंग. नावात काही नाही, राजा म्हणजे राजा. सगळा प्रश्न अंगाचा. जग्वारचा मुखवटा घालणारा मेक्सिकन कुस्तीगीर, अनाथाश्रमासाठी लढणारा. एक गट म्हणतो, हा तर फ्राय तोर्मेंता! सेर्खिओ गुतिएरेझ बेनितेझ हा मेक्सिकोतला खराखुरा कॅथलिक पाद्री, मुखवटा घालून कुस्त्या लढायचा आणि त्या पैशावर अनाथाश्रम चालवायचा. दुसरा गट म्हणतो, छे, हा टायगर मास्क. १९६८ साली सुरू झालेल्या मांगातला वाघाच्या मुखवट्याचा कुस्तीगीर, जो स्वतः अनाथाश्रमात वाढला आणि आश्रमाला पैसे पुरवतो. म्हणजे अनाथाश्रम दोन्हीकडे. तो पुरावा म्हणून दाखवणारे दोन्ही गट एकमेकांना काहीच पटवू शकत नाहीत, आणि तरी वर्षानुवर्षं तोच दाखवतात.

इथे अनाथाश्रम बाजूला ठेवा आणि उरलेलं वाटा. मेक्सिको आणि धर्मगुरूपण पाद्र्याकडचं. मार्जारकुळातलं डोकं आणि जपानी कुस्तीचे डाव टायगर मास्ककडचे. पण गुंता अजून आहे. कागदावरचा टायगर मास्क १९८१ साली न्यू जपान प्रो-रेसलिंगच्या रिंगमध्ये प्रत्यक्ष उतरला. मुखवट्याआड होता सातोरू सायामा. मग किंगचे डाव खऱ्या माणसाकडून आले की मांगातून? मला विचाराल तर सायामाकडून, कारण डाव अंगाने शिकले जातात. मुखवटा मात्र कागदाचा. आणि तो कागद लिहिणारा इक्की काजिवारा, ‘कराटे बाका इचिदाई’ लिहिणाराही तोच. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन गेममागे एकच मांगालेखक बसलाय, आणि ‘प्रेरणा’वाल्या याद्यांमध्ये त्याचं नाव मला अजून दिसायचंय.

आता परत ‘स्ट्रीट फायटर’. त्यातल्या झांगीफचं दोन वाक्यांत. नाव १९८९ मध्ये न्यू जपानच्या रिंगमध्ये लढायला आलेल्या सोव्हिएत कुस्तीगीर व्हिक्टर झांगिएव्हचं. अस्वलांशी झुंजून अंगभर व्रण मिरवणं ही कॅपकॉमची स्वतःची भर.

त्याच गेममधल्या, हात लांबवून मारणाऱ्या धालसिमसाठी खरा योगी शोधत बसणाऱ्यांना माझा एकच सल्ला: शोध थांबवा. १९७६ च्या एका कुंग-फू चित्रपटात हात लांबच लांब होणारा भारतीय योगी आहे. आधी तो बघा.

त्याच गेममधल्या गाइलकडे आलो की मला हसू येतं. त्याचे ते झाडूसारखे उभे केस ‘जोजो’ मांगातल्या पोलनारेफचे. नावही त्याच मांगातलं, पण दुसऱ्याच पात्राचं. जे. गाइल हा पोलनारेफच्या बहिणीचा खुनी. डिझायनरांनी दोघांत घोळ घातला आणि भावाच्या केसांवर बहिणीच्या खुन्याचं नाव चिकटलं. नाव आणि अंग यांची गल्लत फक्त वाचक करतात असं नाही, बनवणारेही करतात. फक्त त्यांची गल्लत गेममध्ये कायमची छापली जाते.

शेवटची अडचण ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची, कारण तिथे माझा ‘अंग’ हा शब्दच मला फसवतो. १९९२ चा तो गेम खऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर लढायला लावून बनवला होता. त्यातल्या जॉनी केज या पात्राचं अक्षरशः अंग डॅनियल पेसिनाचं. म्हणून केज पेसिनावर बेतलाय का? नाही. गेम बनवणाऱ्या एड बून आणि जॉन टोबियास यांना आधी मारधाडीचा सिनेनट जाँ-क्लोद वॅन डॅमला घेऊन गेम करायचा होता. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी तसाच एक गर्विष्ठ सिनेनट घडवला. पाय फाकवून खाली बसून मारलेला तो बदनाम ठोसा वॅन डॅमच्या १९८८ च्या ‘ब्लडस्पोर्ट’मधला, आणि नावाची आद्याक्षरंही तीच, जे. सी. पेसिनाने शरीर उसनं दिलं, ढब वॅन डॅमची. माझ्या हिशेबात ढबवाला जिंकतो.

आणि मजा बघा. १९९४ साली ‘स्ट्रीट फायटर’वर चित्रपट निघाला, तेव्हा वॅन डॅम त्यात आला तो गाइल बनून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरातल्या पात्राच्या अंगात. (हुकूमशहा झाला होता राउल हुलिया. चित्रपट कसाही असो, त्याच्यासाठी बघावा.) केजच्या अंगात यायला त्याला २०२३ उजाडावं लागलं. ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ मध्ये केजसाठी वॅन डॅमचा चेहरा आणि त्याचाच आवाज विकत मिळू लागला. पडद्यावर तो दिसतो, बोलतो, पाय फाकवून तो ठोसाही मारतो. पडद्याच्या वरच्या पट्टीवर नाव मात्र अजून जॉनी केजच लिहिलेलं असतं.