क्वेकर स्थानिक सभा

क्वेकर स्थानिक सभा : सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या 'रिलिजिअस सोसायटी ऑफ फ्रेंड्स' या ख्रिस्ती पंथाचा पायाभूत घटक. या पंथाचे अनुयायी क्वेकर म्हणून ओळखले जातात. आपसात ते एकमेकांना 'फ्रेंड' म्हणतात. एका गावातील किंवा शहरातील क्वेकर दर रविवारी ज्या समूहात एकत्र बसतात, ती त्यांची सभा आणि ती जिथे भरते ते मीटिंग हाऊस. उपासना, सुखदुःख, पैशांचे व्यवहार आणि बाहेरच्या जगातील अन्यायाविषयीची कृती या साऱ्यांचा विचार याच सभेत होतो. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या काही भागांत या सभांना पगारी पाद्री नसतो. ही नोंद मुख्यतः अशा सभांविषयी आहे. आज जगातील सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. तेथे पाद्री, प्रवचन आणि सामूहिक गायन असते व सभाजीवनाची घडण बरीच वेगळी आहे.

पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याची शिकवण अशी, की प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि त्याच्याशी संवाद साधायला मध्यस्थ लागत नाही. हे मान्य केले की पाद्री, धर्मकर (चर्चसाठी सक्तीने द्यावा लागणारा कर), शपथ, मानमरातब या सगळ्यांचाच पाया डळमळतो. साहजिकच राज्यसत्तेने क्वेकरांवर हत्यार उगारले. १६६२ च्या कायद्याने त्यांच्या एकत्र जमण्यावर बंदी आली, हजारो तुरुंगात गेले, धर्मकर न भरल्याबद्दल घरातील भांडी आणि गोठ्यातील गुरे जप्त झाली. १६६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फॉक्सने ठिकठिकाणी मासिक सभांची, म्हणजे परिसरातील क्वेकरांच्या दरमहा भरणाऱ्या कामकाजाच्या सभांची, व्यवस्था लावली, ती याच धामधुमीत. कोण तुरुंगात आहे, कोणाचे घर उघड्यावर पडले, कोणत्या अनाथ मुलाला कोणाकडे काम शिकायला ठेवायचे, हे प्रश्न सभेपुढे येत. प्रत्येक जप्तीची आणि अटकेची नोंद वहीत होई आणि त्या नोंदी लंडनला जात. त्यांच्या आधारे सरकारदरबारी दाद मागितली जाई. आपल्या माणसांची काळजी आणि अन्यायाविरुद्धची तक्रार एकाच वहीत लिहिली गेली. क्वेकरांचे समाजकार्य म्हणजे धर्माला नंतर जोडलेले शेपूट नव्हे, हे या वह्या चाळल्या की लगेच लक्षात येते.

रविवारच्या उपासनेत सर्वजण साधारण तासभर स्तब्ध बसतात. कोणाला आतून प्रेरणा झाली तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो, पुन्हा शांतता. शेवटी दोन ज्येष्ठ हस्तांदोलन करतात आणि उपासना संपते. मग सूचना, चहा आणि गप्पा.

कामकाजाची सभा हा या जीवनाचा खरा गाभा. तिच्यात मतदान नसते. हात वर करून ठराव संमत करणाऱ्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची सवय असलेल्याला ती सुरुवातीला विचित्र वाटेल. टेबलामागे क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा व इतिवृत्त लिहिणारा सदस्य, आणि त्याचा सहायक बसतात. क्लार्कने अध्यक्षासारखे निर्णय द्यायचे नसतात, स्वतःचे मतही मांडायचे नसते. अगदी बोलावेसे वाटलेच तर तो टेबलावरून बाजूला होतो. विषय निघतो, एकेक जण बोलतो, दोन बोलण्यांच्या मध्ये थोडी शांतता राखली जाते. आधीच्या वक्त्याला खोडून काढणे शिष्टसंमत नाही. सभेचा कल कोणत्या दिशेने आहे हे उमगले, की क्लार्क तिथल्या तिथे इतिवृत्ताचा मसुदा लिहितो आणि मोठ्याने वाचतो. कोणी म्हणते, 'हा शब्द फार कठोर आहे.' शब्द बदलतो, मसुदा पुन्हा वाचला जातो. ब्रिटनमधील सभांत संमती द्यायची तर 'होप सो' असे पुटपुटण्याचा प्रघात आहे. एखाद्याला निर्णय पटला नसेल, पण वाट अडवायची नसेल, तर तो तसे सांगून बाजूला राहतो. मन जुळलेच नाही तर विषय पुढच्या महिन्यावर जातो. घरी जाऊन शब्द फिरवायला वाव राहत नाही, कारण इतिवृत्त सर्वांच्या कानांवर पडूनच पक्के झालेले असते. छताची दुरुस्ती असो, सभागृह कोणत्या संस्थेला भाड्याने द्यायचे हा प्रश्न असो, की युद्धाविरुद्धचे निवेदन असो, पद्धत हीच.

एखाद्या सदस्याला एखादे काम आपल्या वाट्याला आले आहे असे तीव्रतेने वाटू लागते. क्वेकर त्याला 'कन्सर्न' म्हणतात. तो मनुष्य ते सभेपुढे मांडतो. सभा त्याची पारख करते : ही खरी प्रेरणा की क्षणिक उमाळा? घरच्यांचे काय? पैसा कुठून येणार? गरज पडल्यास चारपाच जणांची छोटी समिती त्याच्यासोबत बसते; ही समिती सल्ला देत नाही, प्रश्न विचारते. सभेला पटले तर ती काम आपले मानते : परवानगीपत्र देते, खर्चाची तजवीज करते, त्याच्या मुलाबाळांकडे पाहते.

न्यू जर्सीतील जॉन वुलमन (१७२०–७२) याचे जीवन हे याचे ठळक उदाहरण आहे. तरुणपणी दुकानात नोकरीला असताना मालकाने त्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीचे विक्रीखत लिहायला सांगितले. त्याने ते लिहून दिले आणि ते त्याला आयुष्यभर सलत राहिले. पुढे आपल्या सभेचे पत्र घेऊन तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघरी फिरला. त्याने आरडाओरडा केला नाही. जेवायला, मुक्कामाला जाई आणि त्या घरातील गुलामांनी आपली सेवा केली म्हणून त्यांच्या हाती पैसे ठेवी. यजमानाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने (त्या प्रदेशातील सर्व सभांच्या वरच्या सभेने) गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कामकाजातून दूर ठेवण्याचे ठरवले आणि अशा सदस्यांना भेटण्याचे काम वुलमन व इतरांवर सोपवले. १७७६ मध्ये गुलाम बाळगणेच सदस्यत्वाला बाधक ठरले.

ही कथा अभिमानाने सांगितली जाते, परंतु तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार जणांनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध आपल्या मासिक सभेला दिला होता. सभेने विषय आपल्या आवाक्याबाहेरचा म्हणून वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वर, आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. मध्ये ८८ वर्षे गेली. सर्वांचे मन वळेपर्यंत थांबायचे, या तत्त्वाची किंमत त्या काळात सभेबाहेरच्या माणसांनी, गुलामांनी, मोजली. गुलामगिरीला विरोध करून झाल्यावरही फिलाडेल्फियाच्या सभेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या बाकावर बसवले जाई. एकोणिसाव्या शतकात शिक्षिका सारा मॅप्स डग्लस यांनी त्याविषयी परखडपणे लिहिले. बाकांच्या जागा ठरवणारे लोक स्वभावाने दुष्ट नव्हते. म्हणूनच त्यांचे वागणे अधिक बोचते.

अंतर्गत शिस्तही बराच काळ कडक होती. पंथाबाहेर लग्न केले, कर्ज बुडवले, सैन्यात गेले, तर सभा सदस्याचे नाव कमी करी. ब्रिटनमध्ये बाहेर लग्न केल्याबद्दल बहिष्कृत करण्याची रीत १८६० च्या सुमारास थांबली. तोवर तिने पंथाची संख्या चांगलीच घटवली होती. लग्नाचा विधी मात्र जुना आणि फार सुरेख आहे. पुरोहित नाही. मौनातून वधूवर उभे राहतात, एकमेकांना वचन देतात आणि मग हजर असलेला प्रत्येकजण, लहान मुलेसुद्धा, प्रमाणपत्रावर सही करतो. लग्न लागले याचे साक्षीदार सारेच, त्यामुळे ते टिकावे ही जबाबदारीही साऱ्यांची मानतात. २००९ मध्ये ब्रिटनच्या वार्षिक सभेने समलिंगी जोडप्यांची लग्ने याच रीतीने लावण्याचा निर्णय घेतला. इंग्लंडचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, २०१३ मध्ये झाला. या वेळी सभा कायद्याच्या पुढे होती.

आजारी सदस्याला भेटणे, एकट्या वृद्धाला उपासनेला घेऊन येणे, अडलेल्या कुटुंबाला गाजावाजा न करता मदत पोचवणे ही कामे सभेने नेमलेले काहीजण ठरावीक मुदतीसाठी करतात. बाहेरच्या कामात तुरुंग, निर्वासित, युद्धविरोध, बेघरांचे प्रश्न येतात. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतील यादवीतून पळून आलेल्यांना अमेरिकेत आसरा देणारी चळवळ ॲरिझोनातील टूसॉन येथे उभी राहिली. तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी जिम कॉर्बेट हा क्वेकर पशुपालक होता. सरकारने कार्यकर्त्यांवर खटले भरले. २७ मार्च २०२५ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मीटिंग हाऊसमध्ये पोलिसांनी दार फोडून प्रवेश केला आणि तेथील खोली भाड्याने घेऊन बैठक भरवणाऱ्या तरुण आंदोलकांपैकी सहाजणींना अटक केली. उपासनागृहात अशी कारवाई झाल्याबद्दल ब्रिटिश क्वेकरांनी तीव्र निषेध नोंदवला.

भारतात क्वेकरांचे मुख्य क्षेत्र जुन्या मध्य प्रांतातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) परिसर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ब्रिटिश क्वेकरांचे मिशन सुरू झाले. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनने अनाथ मुले सांभाळली आणि त्यांच्याभोवती स्थानिक सभा उभ्या राहिल्या. १९०७ मध्ये तेथे वार्षिक सभा स्थापन झाली. इंग्लंडमधील सभा छळातून घडली, येथील सभा मिशनच्या आश्रयाने. शाळा, दवाखाना, नोकरी सारे मिशनकडून मिळत असताना समोरासमोर बसून बरोबरीने निर्णय घेणे अवघड असते, आणि या सभा लहानच राहिल्या. मराठी वाचकाला क्वेकर अधिक ओळखीचे आहेत ते गांधींच्या वर्तुळातून. इंग्रज क्वेकर हॉरेस अलेक्झांडर १५ ऑगस्ट १९४७ रोजी कलकत्त्यात गांधींसोबत होते. इंग्रज क्वेकर शिक्षिका मार्जोरी साइक्स यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीमच्या (गांधींच्या हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणपद्धतीच्या) शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केले आणि पुढे काही वर्षे त्या होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरमध्ये राहिल्या. याच केंद्राने 'किशोर भारती' संस्थेच्या सोबतीने १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. खेड्यातील मुलांनी पाठांतर सोडून स्वतः पाने गोळा करावीत, मोजावे, निष्कर्ष काढावेत, अशी त्याची मांडणी होती. पुढे 'एकलव्य' या शिक्षणक्षेत्रातील संस्थेने तो चालवला, तेव्हा तो शेकडो शाळांत पसरला. मध्य प्रदेश सरकारने तो २००२ मध्ये बंद केला.