फेअरट्रेड चॉकलेट: शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तो पिकवणाऱ्या बहुतेकांची बाग जेमतेम काही हेक्टरांची असते. एकट्या शेतकऱ्याकडे कोठार नसते, दलालाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे भाव पडला तरी माल द्यावाच लागतो. आम्ही सहकारी संस्थांचा कोको घेतो तो यासाठी.

पैसे कुठे जातात

फेअरट्रेड म्हणजे शेतकऱ्याला रास्त मोबदला मिळावा यासाठीची प्रमाणपत्र व्यवस्था; तिच्या अटी पाळलेल्या मालावर तिचा शिक्का लागतो. या व्यवहारात दोन गोष्टी बांधलेल्या असतात. पहिली किमान भाव. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो टनाला २,००० डॉलरवरून २,४०० डॉलर झाला. बाजारभाव याहून चढा असेल तर बाजारभावच द्यावा लागतो. दुसरी गोष्ट प्रीमियम, म्हणजे भावाखेरीजची जादा रक्कम, जो त्याच वेळी टनाला २४० डॉलर ठरला. भाव चढो वा पडो, तो वेगळा द्यायचा असतो. तो संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि विहीर खोदायची, रोपवाटिका काढायची की सभासदांना रोख वाटायचे, हे सर्वसाधारण सभा ठरवते.

हा किमान भाव बंदरावरचा आहे, बांधावरचा नव्हे. वाहतूक, गोण्या, कर असे सारे त्यातून वजा होते. शिवाय घानात शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकारी कोको मंडळ जाहीर करते. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तरी ती तेजी तिथल्या शेतकऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोचली नाही. शिक्का असला म्हणजे शेतकरी सुखी, असे आम्ही म्हणणार नाही. पण वजनात काटा मारला जाऊ नये म्हणून घानातल्या कुआपा कोकू या १९९३ साली उभ्या राहिलेल्या संस्थेत माल तोलणारा माणूस गावचे सभासदच निवडतात. आमच्या मते ही सोय भावाइतकीच मोलाची आहे.

चव बागेतच ठरते

फळ फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. कच्च्या बीला चॉकलेटची चव अजिबात नसते. बियांचा ढीग केळीच्या पानांनी झाकून किंवा लाकडी पेटीत घालून पाच ते सात दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातली साखर खाते, मग जिवाणू ॲसेटिक आम्ल तयार करतात, ढीग ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि बीमधला अंकुर मरतो. पुढे भाजताना जी चव खुलते, तिची तयारी इथे होते. साधारण दोन दिवसांनी ढीग उलथावा लागतो. तो तसाच ठेवला तर मधल्या आणि कडेच्या बिया सारख्या आंबत नाहीत. कमी आंबलेली बी कापल्यावर पाटीसारखी करडी दिसते आणि तिची चव तुरट, कडवट लागते. जास्त दिवस राहिली तर कुजका वास धरते.

मग वाळवण, ओलावा सुमारे ७ टक्क्यांवर येईपर्यंत. ८ टक्क्यांच्या वर राहिला तर गोणीत बुरशी धरते. घाईने लाकडाच्या जाळावर वाळवल्यास धुराचा वास बीच्या चरबीत मुरतो आणि कारखान्यात काहीही केले तरी जात नाही. तपासणीला ३०० बिया उभ्या कापून मोजतात. पहिल्या प्रतीत बुरशीच्या बिया ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. मात्र फेअरट्रेडचा शिक्का चवीची हमी देत नाही, ही तपासणी खरेदीदाराने वेगळी करायची असते.

शिक्क्याजवळचा बाण

शिक्क्याशेजारी छोटा बाण असेल तर वेष्टनाची मागची बाजू वाचा. बहुतेकदा तिथे ‘मास बॅलन्स’ असे लिहिलेले असते. म्हणजे कारखान्यात फेअरट्रेड आणि इतर कोको एकत्र दळला गेला, पण जितका फेअरट्रेड कोको विकत घेतला तितक्याच मालावर शिक्का लागला. शेतकऱ्याचे पैसे त्याला मिळतात, मात्र तुमच्या हातातल्या वडीत नेमका त्याचाच कोको असेल असे नाही. मालाचा माग थेट संस्थेपर्यंत हवा असेल तर वेष्टनावर संस्थेचे नाव शोधा.

घरी ठेवताना

१५ ते १८ अंश तापमान, कोरडी जागा, मसाल्यांपासून लांब. वडी गरम होऊन पुन्हा थिजली की कोको बटर (कोकोच्या बीमधली चरबी) वर येऊन करड्या रेघा उमटतात. ती खराब झालेली नसते, वितळवून वापरता येते. फ्रीजमध्ये ठेवायचीच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर वडीवर दव धरते, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो.